कर्नेलची उधारी कोणाच्या नावावर?

मागच्या हिवाळ्यात रामदासपेठेत लिनक्स वापरणाऱ्या आम्हा पंधरा-वीस जणांची एक बैठक झाली आणि तिचा विषय होता बीकॅशएफएस. ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था, जानेवारी 2024 मध्ये, 6.7 या आवृत्तीबरोबर, लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, दाखल झाली. 2025 मध्ये तिच्यावर ‘बाहेरून सांभाळली जाते’ असा शेरा पडला आणि त्या वर्षाच्या अखेरीस आलेल्या 6.18 मधून तिचा कोड काढूनच टाकण्यात आला. वाद कोडच्या दर्जापेक्षा शिस्तीचा अधिक होता. नवी वैशिष्ट्ये आवृत्तीच्या सुरुवातीच्या दोन आठवड्यांतच पाठवायची आणि त्यानंतर फक्त दुरुस्त्या, हा कर्नेलचा जुना नियम तिचे कर्ते आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्यात पुन्हा पुन्हा ठिणगी पाडत राहिला. आता प्रश्न डिस्ट्रोंपुढे, म्हणजे लिनक्सचे तयार संच बांधून देणाऱ्यांपुढे, आहे: मूळ कर्नेलने जे ठेवले नाही ते आपण आपल्या कर्नेलमध्ये घालून लोकांना द्यावे काय? (कर्नेल हा शब्द मी मुद्दाम असा लिहितो. ‘कर्नल’ लिहिले की आम्हा नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे कामठीच्या छावणीतले साहेब उभे राहतात.)

बैठकीत लगेच दोन तट पडले. एकाचे म्हणणे, मेनलाइनने, म्हणजे टोरवाल्ड्स यांच्या मूळ शाखेने, जे घेतले नाही त्याला डिस्ट्रोने हातही लावू नये. दुसऱ्याचे म्हणणे, परवाना मोकळा आहे, संगणक आमचा आहे, मग आम्हाला हवे ते देण्यापासून डिस्ट्रोला अडवणारे टोरवाल्ड्स कोण लागून गेले? चहाच्या दोन फेऱ्या झाल्या तरी एकीकडे सोवळे आणि दुसरीकडे स्वातंत्र्य अशीच ओढाताण चालू होती. ऐकताना मला वाटत राहिले, की घर घ्यायचे की नाही यावर हातघाईला आलेली ही माणसे हप्ते कोण भरणार हे मात्र एकमेकांना विचारत नाहीत.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. डिस्ट्रोने आपल्या नेहमीच्या, प्रत्येकाच्या संगणकावर आपोआप बसणाऱ्या कर्नेलमध्ये मेनलाइनने न स्वीकारलेला कोड घालू नये. त्यातही जो कोड वापरकर्त्याच्या प्रोग्रामांशी किंवा डिस्कवरच्या डेटाशी नवा करार करतो, अथवा सुरक्षेची एखादी तपासणी बदलतो, तो तर मुळीच घालू नये. ज्याला असा कोड हवा आहे त्याला तो जरूर मिळावा, पण वेगळ्या पॅकेजात, वेगळ्या नावाने, आणि तो कोण सांभाळणार हे स्पष्ट लिहून. मी बंदी मागत नाही. खाते वेगळे ठेवा एवढेच मागतो. अपवाद करायचाच असेल तर तो का करावा हे सिद्ध करण्याचा भार अपवाद मागणाऱ्यावर असावा, कारण त्या अपवादाची किंमत ज्यांना मोजावी लागते ते त्या बैठकीला हजर नसतात.

हे समजण्यासाठी मेनलाइनमध्ये जाणे म्हणजे नेमके काय घडते ते पाहावे लागेल. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी कर्नेलची नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. कर्नेलच्या आतली फंक्शने आणि डेटाच्या रचना कायम राहतील अशी हमी कोणी देत नाही. आज एक आहे, पुढच्या आवृत्तीत दुसरे असेल. मात्र त्याच्या जोडीला एक रिवाज आहे: जो आतली रचना बदलतो, त्यानेच ती रचना वापरणारा मेनलाइनमधला सगळा कोड नीट करून द्यायचा. म्हणून मेनलाइनमधले एखादे जुने, चार जणही वापरत नसलेले ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) त्याच्या लेखकाने हात झटकल्यावरसुद्धा वर्षानुवर्षे चालत राहते, आणि मेनलाइनबाहेरचे सुबक, नेटके ड्रायव्हर त्याचा लेखक दोन महिने आजारी पडला की कंपाइल होईनासे होते. दुसरा रिवाज याच्या उलट बाजूचा आहे. कर्नेलने बाहेरच्या प्रोग्रामांना एकदा जे वर्तन दिले ते मोडायचे नाही, याबाबत टोरवाल्ड्स किती कडक आहेत हे सर्वश्रुत आहे. डिस्ट्रो जेव्हा स्वतःचा सिस्टिम कॉल (प्रोग्रामाने कर्नेलकडे काम मागण्याचा मार्ग), स्वतःची सेटिंग किंवा डिस्कवरचा वेगळा फॉरमॅट लोकांच्या हाती देते तेव्हा ती हा दुसरा करार स्वतःच्या सहीने करत असते. पण तो निभावण्याचे बळ ज्या पहिल्या रिवाजातून येते, तो रिवाज तिच्या दिमतीला नसतो. वचन मोठे आणि हात दोनच, अशी ही अवस्था असते.

विरुद्ध बाजूचे म्हणणे कमकुवत नाही, आणि बैठकीत ते जितके ढोबळपणे मांडले गेले त्यापेक्षा ते पुष्कळ चांगले मांडता येते. मेनलाइन संथ आहे. कधी कधी ती व्यक्तींच्या रागलोभावर अडते. आणि ज्या कोडला वापरणारेच नाहीत त्याची परीक्षा होणार कशी, हा प्रश्न खरा आहे. लाइव्ह सीडीवरून चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोने वापरलेली स्क्वॅशएफएस ही फाइल सिस्टिम 2002 पासून बाहेर होती आणि मेनलाइनमध्ये आली ती मार्च 2009 मध्ये, 2.6.29 बरोबर. मधल्या सात वर्षांत डिस्ट्रोंनी ‘आधी मंजुरी, मग वापर’ असे म्हटले असते, तर संगणकात काहीही न बसवता लिनक्स चालवून पाहण्याची जी सोय आपल्यापैकी कित्येकांची पहिली ओळख ठरली, ती मिळाली असती काय? अ‍ॅपआर्मर हे प्रोग्रामांना मर्यादेत कोंडणारे सुरक्षेचे काम सुसे आणि उबुंटू या डिस्ट्रोंनी आधी वापरले आणि मेनलाइनने ते ऑक्टोबर 2010 मध्ये, 2.6.36 मध्ये घेतले. आणि ठरलेल्या वेळेत काम होईलच अशी हमी देणारे प्रीएम्प्ट आरटी हे रिअल टाइम पॅच (मूळ कोडवर चढवायचा बदल) तर सुमारे वीस वर्षे दाराबाहेर उभे होते. ते पूर्णपणे आत आले नोव्हेंबर 2024 च्या 6.12 मध्ये. वीस वर्षे कारखान्यांनी यंत्रे बंद ठेवून वाट पाहायची होती काय?

नागपूरकराला या युक्तिवादाचे बळ समजण्यासाठी इतवारी स्टेशन आठवणे पुरे. सातपुड्याच्या डोंगरातून 1676 मिलिमीटरचा ब्रॉडगेज नेणे महाग होते, म्हणून 762 मिलिमीटरचा नॅरोगेज टाकला गेला आणि छिंदवाड्याला रेल्वे आली. मोठ्या रुळाची वाट पाहत बसले असते तर तिथल्या दोन-तीन पिढ्यांनी गाडी पाहिलीच नसती. इथपर्यंत उपमा दुसऱ्या तटाच्या बाजूची आहे, आणि मी ती मोकळ्या मनाने त्यांना देतो. पण ती तिथे संपत नाही. दोन रुंदींच्या रुळांमुळे प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागले, आणि हा हमालीचा खर्च रूळ टाकणाऱ्यांनी कधी भरला नाही. तो पुढच्या शंभर वर्षांतल्या व्यापाऱ्यांनी आणि प्रवाशांनी भरला. देशभर एकच रुंदी करण्याचे धोरण 1992 मध्ये सुरू झाले, आणि आपल्या छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 मध्ये व नागभीडची 2019 मध्ये त्यासाठी थांबली. मधली काही वर्षे त्या गावांना लहान गाडीही नव्हती आणि मोठीही नव्हती. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. नॅरोगेज कधी ब्रॉडगेज असल्याचा आव आणत नव्हता. इतवारीला उतरणाऱ्या अडाणी प्रवाशालासुद्धा दिसत होते, की इथून पुढे गाडी बदलायची आहे.

हीच कसोटी विरुद्ध बाजूच्या उदाहरणांना लावली, तर त्यांच्यातले सर्वांत बळकट उदाहरण माझ्या बाजूला येऊन उभे राहते. प्रीएम्प्ट आरटी जवळजवळ कोणत्याही मोठ्या डिस्ट्रोने आपल्या साध्या कर्नेलमध्ये मिसळले नाही. रेड हॅट, सुसे आणि पुढे उबुंटू यांनी ते निराळे कर्नेल म्हणून, निराळ्या नावाने दिले आणि ज्याला हवे त्याने ते जाणूनबुजून निवडले. त्याच वेळी ते लिहिणारी मंडळी त्याचे तुकडे पाडून मेनलाइनकडे पाठवत राहिली: 2006 च्या 2.6.16 मध्ये नवे म्यूटेक्स आणि अतिसूक्ष्म टायमर गेले, 2009 च्या 2.6.30 मध्ये इंटरप्टची कामे थ्रेडमधून करण्याची सोय गेली, आणि शेवटी अडले ते संदेश छापण्याच्या प्रिंटके या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या कोडपाशी. वीस वर्षांत उधारी वाढत गेली नाही, ती हप्त्याहप्त्याने फिटत गेली. हे उदाहरण पुढे करून ‘म्हणजे काहीही घालायला हरकत नाही’ असे म्हणणे हा त्या मंडळींच्या चिकाटीवर अन्याय आहे.

बाकीच्या दोन यशोगाथांनाही पदरचा खर्च आहे, तो सांगितला जात नाही इतकेच. स्क्वॅशएफएस आत घेताना तिचा डिस्कवरचा फॉरमॅट बदलून 4.0 झाला आणि मेनलाइन फक्त तोच वाचते; आधीच्या सात वर्षांत तयार झालेल्या इमेज मेनलाइनच्या लेखी नव्हत्याच. ती फाइल सिस्टिम केवळ वाचण्यापुरती असल्यामुळे इमेज नव्याने बनवून भागले. लोकांचा लिहिलेला डेटा तिच्यावर असता, तर? अ‍ॅपआर्मर आत गेले तेव्हा त्याचे काही भाग बाहेरच राहिले आणि उबुंटूला ते पुढे अनेक वर्षे स्वतःच्या खांद्यावर वाहावे लागले. त्याचा परिणाम स्नॅप या उबुंटूच्या पॅकेजांवर झाला. ‘स्ट्रिक्ट’ असा शिक्का असलेले तेच स्नॅप उबुंटूवर पूर्ण कोंडलेले असे आणि दुसऱ्या डिस्ट्रोवर अर्धवट, कारण कोंडणारा कोड त्या दुसऱ्या कर्नेलमध्ये नव्हताच. शिक्का तोच, अर्थ वेगळा.

जिथे ही उधारी फिटलीच नाही असे सर्वांत मोठे उदाहरण झेनचे आहे, आणि ते आता विसरले जात आहे म्हणून त्यावर थोडे थांबतो. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणारे झेन 2005-06 च्या सुमारास सगळ्यांनाच हवे होते. त्याचे कर्नेलमधले बदल मोठे आणि खोलवर जाणारे असल्यामुळे मेनलाइन ते जसेच्या तसे घेत नव्हती. सुसेने 2006 मध्ये आपल्या एंटरप्राइज आवृत्ती 10 मध्ये ते दिले. रेड हॅटने मार्च 2007 मध्ये, 2.6.18 या कर्नेलवर बेतलेल्या आवृत्ती 5 मध्ये दिले. कोणीही उतावळेपणाने केलेले हे काम नव्हते. ग्राहक मागत होते आणि स्पर्धक देत होते. पण त्याच्या एकच महिना आधी, फेब्रुवारी 2007 च्या 2.6.20 मध्ये, आभासी यंत्रेच चालवणारे केव्हीएम नावाचे लहानसे, कर्नेलच्या घडणीत नीट बसणारे काम मेनलाइनने स्वीकारले होते. पुढची वर्षे डिस्ट्रोंचे लोक झेनचे ते भलेमोठे गाठोडे एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत ओढत राहिले. झेनचा यजमान म्हणून, म्हणजे आभासी यंत्रांना सांभाळणाऱ्या मूळ यंत्रावर, चालण्याची सोय साध्या मेनलाइन कर्नेलला मिळाली ती 2011 च्या 3.0 मध्ये, त्याआधीच, नोव्हेंबर 2010 च्या आवृत्ती 6 मध्ये, रेड हॅटने यजमान म्हणून झेन सोडून दिले होते. ज्यांनी आवृत्ती 5 वर भरवसा ठेवून आपला सगळा कारभार झेनवर उभारला त्यांना स्थलांतर करावे लागले. मेनलाइनचा नकार ऐकायला त्या वेळी कठोर वाटला असेल, पण ‘या रचनेत हे सांभाळता येणार नाही’ ही त्यात दडलेली सूचना किती खरी होती, हे डिस्ट्रोंनी ग्राहकांच्या खर्चाने शिकून घेतले.

सुरक्षेच्या बाबतीत तर ही किंमत आणखी धारदार होते. ओव्हरलेएफएस ही फाइल सिस्टिम मेनलाइनमध्ये आहे. पण साध्या, अधिकार नसलेल्या वापरकर्त्याला ती माउंट करता (जोडून वापरता) यावी अशी सोय उबुंटूने स्वतःच्या पॅचने मेनलाइनच्या कितीतरी आधी दिली. कंटेनर, म्हणजे प्रोग्राम चालवण्याचे वेगळे कप्पे, वापरणाऱ्यांच्या दृष्टीने ती सोय उपयोगी होती, यात शंका नाही. तिच्यातून 2015 मध्ये सामान्य वापरकर्त्याला थेट रूट, म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी, होता येईल अशी फट निघाली. 2021 मध्ये पुन्हा तशीच, उबुंटूपुरतीच, दुसरी निघाली. जुलै 2023 मध्ये विझ या कंपनीने आणखी दोन उघड केल्या आणि उबुंटूच्या सुमारे 40 टक्के वापरकर्त्यांना त्यांची झळ पोचू शकते असा अंदाज दिला. या शेवटच्या प्रकरणातली साखळी अभ्यासण्यासारखी आहे. उबुंटूने 2018 मध्ये जे बदल केले ते त्या दिवशी निर्धोक होते. पुढे मूळ कर्नेलमध्ये एक उणीव सापडली आणि ती दुरुस्त झाली. पण उबुंटूच्या बदलांमुळे कोडची जी आडवाट तयार झाली होती, त्या आडवाटेवर ती दुरुस्ती पोचलीच नाही. म्हणजे चूक कोणी एकाने एका दिवशी केली असे दाखवता येत नाही. दोन कोड वेगवेगळ्या दिशेने वाढले आणि मधल्या भेगेत धोका साचला. तीच सोय मेनलाइनने फेब्रुवारी 2021 च्या 5.11 मध्ये दिली, आवश्यक त्या तपासण्यांचे काम झाल्यावर. शिवाय उबुंटूचे कर्नेल जसेच्या तसे घेणाऱ्या लिनक्स मिंटसारख्या डिस्ट्रोंचे वापरकर्ते या व्यवहारात आपोआप जामीन राहिले. त्यांना कोणी विचारले होते?

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की मेनलाइन तरी कुठे निर्दोष आहे? 2016 मध्ये दुरुस्त झालेली डर्टी काऊ ही फट 2007 पासून मेनलाइनमध्ये, सगळ्यांच्या नजरेसमोर होती. आक्षेप बरोबर आहे. मेनलाइनच्या शिक्क्याने कोड पवित्र होतो असे मानणाऱ्या सोवळ्या तटाला तो झोंबलाच पाहिजे. परंतु ती फट सापडली तेव्हा एकच दुरुस्ती झाली आणि ती सगळ्यांना लागू पडली. प्रत्येक डिस्ट्रोला ‘आपल्या आडवाटेवर ही लागू होते का’ हे वेगळे शोधत बसावे लागले नाही. चुका सगळीकडेच होतात. त्या निस्तरायला किती हात येतात, यात फरक पडतो.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. कोणतीही मोठी डिस्ट्रो मुळातले कर्नेल देतच नाही, मग हा शुद्धतेचा आग्रह कशाला? रेड हॅटच्या आवृत्ती 8 चे कर्नेल नावाला 4.18 आहे, पण त्यात पुढच्या कितीतरी आवृत्त्यांमधले बदल मागे आणून बसवलेले आहेत. हे खरे आहे, आणि असे मागे आणलेले बदलही त्रास देतात. 2003 च्या रेड हॅट लिनक्स 9 मध्ये, त्या वेळी विकासात असलेल्या 2.5 मधली नवी थ्रेड व्यवस्था 2.4.20 वर आणून बसवली, तेव्हा काही प्रोग्राम कोलमडले आणि एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून जुने वर्तन मागून घ्यावे लागे. तरीही अशा बदलाचा पुढचा पत्ता ठरलेला असतो. डिस्ट्रो पुढच्या कर्नेलवर गेली की तो पॅच आपोआप गळून पडतो, कारण मूळ कोड तिथे आधीच असतो. न स्वीकारलेला कोड मात्र प्रत्येक मुक्कामावर पुन्हा पाठीवर घ्यावा लागतो. एक अगोदर घेतलेला पगार आहे, दुसरे सावकाराचे कर्ज. दोन्हींना ‘उचल’ म्हणता येते म्हणून ते एक होत नाहीत. स्वतः वितरकांनाही हे उशिरा का होईना कळले. 2.4 च्या काळात प्रत्येक डिस्ट्रोचे कर्नेल इतके निराळे झाले होते, की सॉफ्टवेअर विकणारे ‘लिनक्सवर चालते’ असे म्हणण्याऐवजी अमुक डिस्ट्रोच्या अमुक आवृत्तीवर चालते असे म्हणत. 2004 च्या उन्हाळ्यात ओटावा येथील बैठकीत कर्नेलकारांनी वेगळी विकासशाखा न काढता 2.6 मध्येच काम चालू ठेवण्याचे ठरवले, त्यामागे नवे बदल डिस्ट्रोंपर्यंत लवकर आणि मुळातूनच पोचावेत हा हेतू होता. त्यानंतर ‘आधी मेनलाइन, मग आमच्याकडे’ हा रेड हॅट आणि फेडोरा यांचा दंडक बनला.

हा तंटा संगणकाबरोबर जन्मला असे समजण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यानंतर सुमारे तीनशे वर्षे ती हस्तलिखितांतून फिरली आणि नकलकारांनी, कीर्तनकारांनी तीत आपापल्या ओव्या घातल्या. त्यांतल्या काही सुंदरही असतील. घालणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांना प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला, आणि यापुढे जो कोणी यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, अशी तंबी त्यांनी देऊन ठेवली. त्यांनी लोकांना ओव्या रचू नका असे सांगितले नाही. स्वतः एकनाथांनी हजारो रचल्या, पण आपल्या ग्रंथात, आपल्या नावाने. पुढे इतिहासकार राजवाड्यांना एकनाथपूर्व वाटलेली पोथी मिळाली, तेव्हा त्यांनीही ती 1909 मध्ये स्वतंत्रपणे, आपल्या प्रस्तावनेसह छापली आणि विद्वानांनी तिच्यावर यथेच्छ वाद घातला. वाद घालता आला, कारण पाठ वेगळा होता हे दिसत होते. वाचकाला न सांगता मजकुरात मिसळलेली ओवी आणि निराळ्या नावाने छापलेली आवृत्ती यांत जे अंतर आहे, तेच अंतर नेहमीच्या कर्नेलमध्ये गुपचूप घातलेला पॅच आणि वेगळे दिलेले पॅकेज यांत आहे.

हे न दिसणे किती महागात पडते याचा एक प्रसंग माझ्या वाट्याला आला होता. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेची व्यवस्था मी काही वर्षे पाहत असे. बत्तीस संगणकांसाठी वायफायची यूएसबी कार्डे घ्यायची होती. एक कार्ड आणून लावले, आमच्या डिस्ट्रोवर काहीही न करता चालले, म्हणून आम्ही बत्तीसही तीच घेतली. त्या कार्डाचे ड्रायव्हर मेनलाइनमध्ये नव्हते; डिस्ट्रोने ते सोयीसाठी आपल्या कर्नेलमध्ये घातले होते, आणि याची कुठे खूण नव्हती. दोन वर्षांनी डिस्ट्रोच्या पुढच्या आवृत्तीत ते गायब झाले, कारण सांभाळणारा माणूस दुसऱ्या कामावर गेला होता. हे आम्हाला कळले ते उन्हाळी परीक्षेच्या प्रात्यक्षिकाच्या सकाळी, बाहेर पारा पंचेचाळीसवर आणि आत कूलरच्या घरघरीत बत्तीस संगणक नेटवर्कविना. शेवटी जुने कर्नेल परत बसवले आणि ते पुढे दीड वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना तसेच चालवले. ‘हार्डवेअर आज चालले पाहिजे’ हा युक्तिवाद कोणी माझ्यापुढे मांडतो तेव्हा मला हे बत्तीस संगणक आठवतात. कार्ड पहिल्या दिवशी चाललेच नसते, किंवा ‘हे वेगळे पॅकेज लावावे लागेल’ असे पडद्यावर दिसले असते, तर आम्ही दुसरे कार्ड घेतले असते. डिस्ट्रोच्या त्या सौजन्याने आमचा खरेदीचा निर्णय आंधळा केला, आणि ड्रायव्हर मेनलाइनला न पाठवणाऱ्या उत्पादकाला बत्तीस नगांचे बक्षीस मिळवून दिले.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर खिशातला फोन काढावा. अँड्रॉइडच्या स्वतःच्या कागदपत्रांत नमूद आहे, की फोनवर चालणाऱ्या कर्नेलमधला निम्म्यापर्यंतचा कोड मूळ लिनक्समधलाही नसे आणि अँड्रॉइडच्या सामायिक कर्नेलमधलाही नसे; तो चिप बनवणाऱ्यांनी आणि फोन बनवणाऱ्यांनी भरलेला असे. असा फोन नव्या कर्नेलवर नेणे म्हणजे ते सगळे पुन्हा शिवणे, म्हणून कोणी नेतच नसे आणि धडधाकट फोन दोन-तीन वर्षांत अपडेटविना पोरका होई. अँड्रॉइड 12 पासून गूगलने गाभ्याचे कर्नेल सर्वांना एकच आणि उत्पादकांचा कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कर्नेलला वरून जोडायच्या तुकड्यांत, अशी फाळणी अंगीकारली. जगात सर्वाधिक चालणाऱ्या लिनक्सने पैसे आणि माणसे यांची ददात नसतानाही शेवटी खाती वेगळीच केली.

झेडएफएस या फाइल सिस्टिमबद्दल थोडक्यातच बोलतो, कारण तिथली अडचण परवान्याची आहे आणि ती कितीही चांगल्या कोडने सुटणारी नाही. डेबियन ते उगमकोड म्हणून देते आणि मॉड्यूल वापरणाऱ्याच्या संगणकावर तयार होते. उबुंटूने 2016 पासून तयार मॉड्यूल दिले आणि त्यावर कायद्याचे आक्षेप आले. माझ्या दृष्टीने डेबियनची पद्धत अधिक कष्टाची आणि अधिक प्रामाणिक आहे. आपण काय लावतो आहोत हे माणसाला तीत दिसते.

आणि आता मूळ प्रश्न, ज्याला माझे सूत्र सहजासहजी लागू पडत नाही हे मी मान्य करतो. बीकॅशएफएस हा मुळातच न स्वीकारलेला कोड नव्हता. तो स्वीकारून मग काढलेला कोड आहे. मेनलाइनवर विश्वास ठेवूनच काहींनी आपला डेटा तिच्यावर ठेवला, आणि पुढच्या आवृत्तीत हातातला दोर सुटला. इथे मेनलाइनकडेही दोष जातो: सांभाळण्याच्या शिस्तीवर एकमत नसताना ती आत घेतलीच का? तरीही डिस्ट्रोंपुढचा प्रश्न मला दोन वेगळ्या प्रश्नांचा दिसतो. ज्या डिस्ट्रोने आपल्या इन्स्टॉलरमध्ये ही फाइल सिस्टिम निवडण्याची सोय ठेवली होती, तिने वचन दिलेले आहे. तिने वेगळे मॉड्यूल देऊन, अमुक तारखेपर्यंत देणार असे लिहून, लोकांना डेटा उतरवून घेण्याची सवड दिलीच पाहिजे. जिने कधी दिली नव्हती तिने आता लोकप्रियतेसाठी ती नेहमीच्या कर्नेलमध्ये घालायला मला काही कारण दिसत नाही. कर्त्यांनी ती स्वतंत्र मॉड्यूल म्हणून चालू ठेवली आहे, आणि तिचे भवितव्य तिथेच, तिच्या नावाने ठरू द्यावे.

बैठक संपल्यावर एक तरुण जिन्यात थांबला. त्याच्या घरी चार टेराबाइटच्या डिस्कवर घरातल्या लग्नांचे आणि आजोबांच्या आवाजाचे रेकॉर्डिंग होते, सगळे बीकॅशएफएसवर, आणि डिस्ट्रोचे पुढचे अपडेट त्याने तीन आठवडे अडवून धरले होते. कोणाची बाजू बरोबर, असे त्याने विचारले. मी म्हटले, ते नंतर ठरवू, आधी अपडेट अडवलेलेच राहू दे आणि दुसरी डिस्क आण. दुसऱ्या दिवशी त्याने सीताबर्डीहून डिस्क आणली, तिच्यावर एक्स्ट4 ही मेनलाइनमधली फाइल सिस्टिम घातली आणि दोन रात्री डेटा उतरवत बसला. तिसऱ्या दिवशी त्याने कळवले, की सगळ्या फायली ताडून झाल्या आहेत आणि आता तो अपडेट सोडतो आहे.